कुत्रे हेल काढून रडते तेव्हा

भाद्रपद जवळ आला की गल्लीबोळांत रात्री कुत्र्यांचे रडणे वाढते, आणि दर वर्षी आमच्या इमारतीत कोणी ना कोणी ते अशुभ मानून खिडकीतून पाणी फेकते किंवा रखवालदाराला काठी घेऊन बाहेर पाठवते. पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि त्यानंतरचे काही आठवडे हा आपल्याकडील भटक्या कुत्र्यांच्या मिलनाचा मुख्य काळ असतो. माजावर आलेल्या मादीचा गंध दूरवर पोहोचतो, परक्या गल्लीतले नर येऊन भिडतात, आणि घरात बांधलेला नरही त्या गंधाने अस्वस्थ होऊन रात्रभर सूर लावतो. या आवाजाचा मृत्यूशी जो संबंध जोडला जातो, त्याचे कारण मला वेगळे वाटते. ज्या घरात कोणी अत्यवस्थ असते त्या घरातली माणसे रात्रभर जागी असतात. एरवी झोपेत न ऐकलेले रडणे त्यांना त्या रात्री ऐकू येते आणि पुढे आयुष्यभर लक्षात राहते. त्या समजुतीपायी एखाद्या जनावराला दगड बसावा, हे मला मान्य नाही.

हेल काढून रडण्याची सवय कुत्र्याला लांडग्याकडून आली आहे. कळपातील सोबती एकमेकांच्या नजरेआड झाले की लांडगे या आवाजाने आपला ठावठिकाणा कळवतात, आणि उघड्या माळावर तो कित्येक किलोमीटर ऐकू जातो. भुंकण्याचे तुकडे हवेत लवकर विरतात; लांब, एकसंध सूर मात्र दूरपर्यंत टिकतो. ऑस्ट्रियातील एर्न्स्टब्रुन येथील लांडगा संशोधन केंद्रात झालेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. कळपातला एकेक लांडगा फिरायला बाहेर नेला असता मागे राहिलेले लांडगे किती ओरडतात, हे त्यात पाहिले होते. कळपातील वरच्या स्थानाचा किंवा विशेष जवळचा सोबती गेला की ते अधिक ओरडत, आणि केवळ ताणाच्या संप्रेरकाच्या वाढीतून या फरकाचा उलगडा होत नव्हता. म्हणजे ती कोणालाही उद्देशून मारलेली हाक नव्हती. ती ठरावीक सोबत्यासाठी होती. पाळलेल्या कुत्र्याचे रडणे समजून घेताना मी हीच गोष्ट सर्वांत आधी आठवते, कारण त्याच्या दृष्टीने कळप म्हणजे आपण असतो.

सगळी कुत्री सारखी रडत नाहीत. बुडापेस्टमधील संशोधकांनी 68 जातिवंत पाळीव कुत्र्यांना लांडग्यांच्या ओरडण्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले होते; 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, वंशाने लांडग्यांच्या अधिक जवळ असलेल्या प्राचीन जातींनी, विशेषतः पाच वर्षांहून मोठ्या कुत्र्यांनी, हेल काढून उत्तर देण्याकडे अधिक कल दाखवला, तर आधुनिक जातींचा कल भुंकण्याकडे होता. हस्की ही अशीच एक प्राचीन जात आहे, म्हणून पुण्या-मुंबईच्या सदनिकांत ती पाळणाऱ्यांनी हे आधीच जाणून घेतले पाहिजे. बीगलची गोष्ट निराळी असली तरी शेजाऱ्यांच्या दृष्टीने फारशी वेगळी नाही, कारण शिकारीत मागच्या माणसाला माग कळावा म्हणून त्याचा आवाज पिढ्यानपिढ्या जोपासला गेला आहे.

रुग्णवाहिकेचा भोंगा, शंख किंवा आरतीतला लांबवलेला स्वर ऐकून कुत्रा सूर मिळवतो, तेव्हा कानाला त्रास होतो म्हणूनच तो रडतो असे पुष्कळांना वाटते. बहुतेक वेळा तसे नसते. तो पळत नाही, लपत नाही, मान वर करून सूर लावतो आणि आवाज थांबला की निवांत होतो. अशा वेळी काहीही करण्याची गरज नसते. मात्र ढोल-ताशे किंवा फटाके सुरू होताच जो कुत्रा शेपूट पोटाखाली घेतो, धापा टाकतो, थरथरतो आणि पलंगाखाली शिरतो, तो भ्यालेला असतो. त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, आपल्या माणसाजवळ बसू द्यावे. जवळ घेतल्याने भीती वाढते ही समजूत चुकीची आहे.

सर्वांत अधिक लक्ष द्यावे लागते ते घरातली माणसे बाहेर पडल्यावर येणाऱ्या रडण्याकडे. आपण ते कधी ऐकतच नाही, शेजारी ऐकतात, आणि म्हणून तक्रार आली की मालकाचा त्यावर विश्वास बसत नाही. जुना मोबाइल खोलीच्या कोपऱ्यात ठेवून चित्रीकरण करावे, असे मी प्रत्येकाला सांगते. दार लागल्यावर थोड्याच वेळात, बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच, कुत्रा येरझाऱ्या घालू लागला, दारापाशी रडू लागला, चौकट ओरबाडू लागला, लाळ गाळू लागला, तर तो एकटेपणाने घाबरला आहे. बराच वेळ झोपून मग अधूनमधून आवाज काढणारा कुत्रा बहुधा कंटाळलेला असतो किंवा बाहेरच्या आवाजांना उत्तर देत असतो. त्याला सकाळी निवांतपणे हुंगत फिरता येईल असा लांब फेरफटका आणि जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत लपवलेला खाऊ बराच उपयोगी पडतो.

घाबरलेल्या कुत्र्याला मात्र खाऊ पुरत नाही; अनेकदा तो त्याला तोंडही लावत नाही. त्याला एकटे राहणे टप्प्याटप्प्याने शिकवावे लागते. किल्ल्या उचलाव्यात, चपला घालाव्यात आणि पुन्हा खुर्चीत बसावे, म्हणजे त्या खुणांची धास्ती ओसरते. मग दाराबाहेर काही सेकंद थांबून तो अस्वस्थ होण्यापूर्वीच परतावे, आणि तो शांत राहील त्याच मापाने वेळ वाढवत न्यावा. हे काम आठवड्यांचे, कधी महिन्यांचे असते. या काळात शक्यतो त्याला जास्त वेळ एकटे ठेवू नये. आजी-आजोबा, शेजारच्या काकू, ओळखीचे पाळणाघर, ज्यांची मदत मिळेल ती घ्यावी. त्रास तीव्र असेल तर पशुवैद्य चिंता कमी करणारी औषधे देतात, आणि त्यांचा आधार घेण्यात कमीपणा नाही. विजेचा झटका देणारे पट्टे मात्र वापरू नयेत, कारण भीतीवर वेदनेची भर घातल्याने भीती जात नाही. रडताना ओरडून दटावणेही निरुपयोगी आहे. जो हाक मारतो आहे त्याला ओरडा हेसुद्धा उत्तरच वाटते.

पूर्वी शांत असलेला कुत्रा अचानक रडू लागला, तर शिकवणीचा विचार बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा. दात, कान, सांधे, पोट, कुठेही दुखत असू शकते. घरातली वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये. माणसांच्या अशा अनेक गोळ्या कुत्र्यांना घातक ठरतात. म्हातारा कुत्रा रात्री कोपऱ्यात तोंड करून उभा राहत असेल, दिवसा झोपून रात्री भटकत असेल आणि मध्येच हेल काढत असेल, तर वाढत्या वयातील मेंदूचा ऱ्हास किंवा कमी होत गेलेली दृष्टी व श्रवण ही कारणे असू शकतात. अशा कुत्र्यासाठी रात्री मंद दिवा लावावा, सामानाची जागा बदलू नये आणि त्याचे अंथरूण आपल्या खोलीत घ्यावे.

गच्चीवर किंवा फाटकाशी कायम साखळीने बांधलेल्या कुत्र्याच्या रडण्यावर उपाय शोधण्याची गरजच नाही, त्याची साखळी सोडावी. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. शेजाऱ्यांनाही माझी एक विनंती आहे. तक्रार करताना रडणे कधी सुरू झाले आणि किती वेळ चालले, याची नोंद मालकाला द्यावी. घरात नसलेल्या माणसाला ती माहिती दुसरीकडून मिळू शकत नाही, आणि पशुवैद्य पहिल्याच भेटीत नेमकी तीच विचारतात.