गौरमोहन मुखर्जी स्ट्रीटवरील दत्तांचा वाडा

कोलकात्याला जाणारी मराठी मंडळी बेलूर आणि दक्षिणेश्वर न चुकता पाहतात. परंतु रामकृष्ण मठ आणि मिशनचे संस्थापक स्वामी विवेकानंद ज्या घरात १२ जानेवारी १८६३ रोजी जन्मले, ते उत्तर कोलकात्यातील सिमला भागातील घर अनेकांच्या यादीतच नसते. या हिवाळ्यात ते सवडीने पाहिले.

हावड्याला उतरणाऱ्यांनी टॅक्सीच्या भानगडीत पडू नये. हावडा स्थानकातून मेट्रोने नदीखालून एस्प्लनेडला यावे, तेथे गाडी बदलून गिरीश पार्कला उतरावे आणि पुढे पायी विधान सरणी गाठावी. तेथून गौरमोहन मुखर्जी स्ट्रीट अगदी लागून आहे. वाडा दुपारी मधल्या वेळेत बंद असतो आणि आठवड्याची सुटीही असते, म्हणून वेळ आधी विचारून सकाळीच पोहोचणे श्रेयस्कर. आत छायाचित्रे काढता येत नाहीत.

एक गोष्ट मनाशी धरून आत जावे: आज दिसते ती वास्तू मोठ्या जीर्णोद्धारानंतरची आहे. मधल्या काळात येथे भाडेकरू आणि दुकाने होती व इमारत मोडकळीस आली होती. मिशनने ती ताब्यात घेऊन, रहिवाशांचे पुनर्वसन करून पुन्हा उभी केली आणि २००४ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्यामुळे रंगरंगोटी जरा जास्तच नेटकी वाटते. माझ्या मते हे घर देवस्थान म्हणून पाहण्यापेक्षा एका कुटुंबाची कहाणी म्हणून पाहिले, तर अधिक उलगडते.

स्वामीजींचे आजोबा दुर्गाप्रसाद दत्त तरुणपणीच संन्यास घेऊन याच घरातून निघून गेले होते. वडील विश्वनाथ दत्त उच्च न्यायालयात अ‍ॅटर्नी. घरात सर्व जातिधर्मांच्या पक्षकारांची ये-जा, आणि बैठकीत प्रत्येक जातीसाठी वेगळा हुक्का. जात जाते म्हणजे नेमके काय होते, हे पाहण्यासाठी लहानग्या नरेंद्राने, म्हणजे पुढच्या विवेकानंदांनी, ते सगळे हुक्के ओढून पाहिल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पण वकिलाच्या घरातील ती माणसांची वर्दळ डोळ्यांसमोर आली, की ती केवळ बोधकथा राहत नाही. १८८४ मध्ये विश्वनाथबाबू गेले आणि कर्ज, उपासमार व याच वास्तूच्या वाटणीचा भाऊबंदकीचा खटला असे सारे एकदमच कोसळले. धाकटे बंधू भूपेंद्रनाथ यांना ‘युगांतर’ या क्रांतिकारक वृत्तपत्राच्या खटल्यात १९०७ साली तुरुंगवास झाला, हेही येथे आठवावे. आई भुवनेश्वरीदेवींनी किती सोसले असेल, याचा विचार माझ्या मनातून जाईना.

बाहेर पडल्यावर हेदुआ तलावापर्यंत चालत जावे. समोरच्या स्कॉटिश चर्च कॉलेजात, म्हणजे तेव्हाच्या जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनमध्ये, नरेंद्र शिकत होता आणि प्राचार्य विल्यम हेस्टी यांच्या तोंडून त्याने वर्गात रामकृष्णांचे नाव ऐकले. जवळच गिरीशचंद्र दे आणि नकुडचंद्र नंदी यांचे जुने मिठाईचे दुकान आहे. लोखंडी जाळीच्या आडून कागदी खोके हातात येते. थंडीत गेलात तर नोलेन गुळाचा, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचा, संदेश (छेन्याची बंगाली मिठाई) मागावा, आणि तो तेथेच उभ्याने खावा.

गर्दी टाळायची असल्यास १२ जानेवारी सोडून जावे. मात्र मठातला स्वामीजींचा जन्मोत्सव तिथीने, पौष कृष्ण सप्तमीला होत असल्याने तो दिवसही पंचांगात पाहून ठेवावा. बेलूर त्याच दिवशी जोडायचे असेल तर ते दुपारनंतर ठेवावे, कारण मठ दुपारी बंद असतो. ४ जुलै १९०२ रोजी स्वामीजींनी देह ठेवला ती खोली तेथे जपलेली आहे. ज्यांना इतक्या लांब जाणे जमणार नाही, त्यांनी बेळगावच्या रिसालदार गल्लीतील भाटे यांचे घर पाहावे. १८९२ च्या भ्रमंतीत स्वामीजी तेथे उतरले होते.