थिन लिझी मोठे का नाही झाले, आणि आम्ही का नाही

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. बेस गिटारच्या क्लासला मी पोरांना थिन लिझी ऐकवतो, सत्तरच्या दशकातला आयरिश रॉक बँड, कारण त्यांचा फिल लिनॉट बेस वाजवता वाजवता गायचा आणि ते किती अवघड आहे हे स्वतःच्या गळ्यात बेस अडकवल्याशिवाय कळत नाही. गाणं संपलं की कोणीतरी विचारतं, सर, हे एवढे भारी आहेत तर मग क्वीन बँडएवढे मोठे का नाही झाले? आणि नंतर खाली टपरीवर चहा पिताना तोच प्रश्न वळसा घालून माझ्यावर येतो, सर, तुमचा पण बँड होता ना, मग आपल्याकडे टॅलेंट नव्हतं का? लग्नाकार्यात मावसभाऊ वळसाबिळसा घालत नाही, जिलबी खाता खाता सरळ विचारतो, काय रे, तुमच्या त्या बँडचं काय झालं शेवटी?

शेवटी म्हणजे 2004 साली. एवढी वर्षं झाली तरी विचारतात. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी लिझीचं, कारण ते सांगायला मला बरं वाटतं.

मार्च 1976, 'जेलब्रेक' अल्बम आला. त्यातलं 'द बॉईज आर बॅक इन टाऊन' अमेरिकेत बाराव्या नंबरपर्यंत गेलं. डब्लिनमध्ये आजीकडे वाढलेला काळा आयरिश पोरगा म्हणजे लिनॉट, बरोबर एक स्कॉटिश आणि एक कॅलिफोर्नियाचा असे दोन गिटारवाले, ड्रमवर शाळेपासूनचा मित्र. गाणं रेडिओवर वाजतंय आणि बँड अमेरिकेतच आहे, रेनबो या मोठ्या बँडच्या आधी वाजवायचं, म्हणजे यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. आणि जूनमध्ये लिनॉटला कावीळ झाली. हेपॅटायटिस. टूर सोडून घरी. बरं, आजारपणात पडल्या पडल्या त्याने पुढच्या अल्बमची गाणी लिहिली, तोही त्याच वर्षी आला, पुन्हा अमेरिकेची टूर ठरली, आणि निघायच्या तोंडावर त्यांच्या स्कॉटिश गिटारवाल्याने, ब्रायन रॉबर्टसनने, लंडनच्या एका क्लबात मित्राला वाचवायला मारामारीत हात घातला. हात घातला म्हणजे खरोखरच हात, फुटलेल्या काचेने चिरला, गिटारवाल्याचा हात. टूर पुन्हा रद्द. 1977 च्या सुरुवातीला शेवटी गेले ते क्वीनच्या आधी वाजवायला, त्याच्या जागी गॅरी मूर या गिटारवाल्याला उसना घेऊन. तोपर्यंत ते गाणं जुनं झालेलं. अमेरिकेत परत कधी त्या उंचीवर गेले नाहीत. 1983 ला बँड संपला, 4 जानेवारी 1986 ला लिनॉट गेला, वय 36.

दैव देतं आणि कर्म नेतं असं आमची आई म्हणायची, पण कावीळ कर्मात धरायची का दैवात हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दारू आणि पुढे हेरॉइन हे कर्मात, ते कबूल. पण ते मोठं व्हायला निघालेले त्या सहा-आठ महिन्यांत त्यांना अडवलं ते टॅलेंटने नाही, गाण्यांनी नाही, रेकॉर्ड कंपनीने पण नाही. ज्या आठवड्यांत जिथे असायला हवं होतं तिथे ते नव्हते, बस. माझं म्हणणं एवढंच आहे, की दार उघडतं सगळ्यांसाठीच कधी ना कधी, पण उघडतं थोडेच दिवस, आणि तेव्हा तुमचा देह तिथे लागतो. द किंक्स या इंग्लिश बँडचं बघा, 1965 च्या टूरनंतर अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने त्यांना परवानगीच दिली नाही, 1969 पर्यंत. चार वर्षं. आणि अमेरिकेत इंग्लिश बँडांची चलती होती ती नेमकी हीच.

आणि गंमत म्हणजे इथे मुंबईत माझ्या वयाच्या निम्म्या लोकांना 'व्हिस्की इन द जार' हे मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचं गाणं वाटतं. मूळ आयरिश लोकगीत, लिझीने 1973 ला इंग्लंडमध्ये सहाव्या नंबरला नेलं, मेटॅलिकाने पंचवीसेक वर्षांनी लिझीची चाल उचलली आणि 2000 मध्ये ग्रॅमी घेतलं. मी स्टेजवरून एकदा सांगायला गेलो होतो की हे लिझीचं आहे, मागून आवाज आला, 'भाषण नको, वाजव!'

आता इथलं. तुम्ही म्हणता आपल्याकडे टॅलेंट नव्हतं का. होतं की. मुंबईचा रॉक मशीन बँड, ज्याने 1993 मध्ये इंडस क्रीड असं नाव घेतलं, ते आम्ही धोबीतलावच्या रंगभवनात दगडी पायऱ्यांवर बसून ऐकलेत आणि शपथेवर सांगतो, त्या वेळी एमटीव्हीवर दिसणाऱ्या अर्ध्या परदेशी बँडांपेक्षा ते टाइट होते. पण रंगभवनच्या आसपास हॉस्पिटलं आणि कॉलेज, ते सायलेन्स झोनमध्ये गेलं आणि कॉन्सर्ट बंद झाल्या. जे शहर स्वतःच्या बँडला उघड्यावर रात्री दहानंतर वाजवू देत नाही त्याने जगाला बँड द्यायचा! त्यात पब्लिकला हवी असायची कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी. स्वतःचं गाणं सुरू केलं की लोक पाणी प्यायला उठायचे. पंचवीस मिनिटं मेटॅलिका, आयर्न मेडन वाजवून विश्वास कमवायचा आणि मग मध्येच हळूच एक स्वतःचं सरकवायचं, पालेभाजी लपवून पराठा खाऊ घालतात तसं.

क्वीनचं नाव तुम्हीच काढता म्हणून सांगतो. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला, तिथेच शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवला. पण क्वीन पाचगणीत नाही झाली, 1970 ला लंडनमध्ये झाली. तोच माणूस, तोच गळा. आईवडील इंग्लंडऐवजी मुंबईला राहायला आले असते तर आज आपण त्याच्याबद्दल बोलत बसलो असतो का?

हे सगळं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय आणि सगळं खरं आहे. आणि तरी ते सांगताना मला एक माहीत असतं जे मी सांगत नाही. आज सांगतो.

आमच्या बँडचं नाव सांगत नाही, सांगून काही कळणार नाही. चौघं. चेंबूरला एका बेसमेंटमध्ये तासावर जॅमरूम, म्हणजे सरावाची खोली, घ्यायचो, मी डोंबिवलीहून बेस घेऊन यायचो, संध्याकाळच्या गर्दीत फर्स्ट क्लास परवडायचा नाही म्हणून मालडब्यातून, मच्छीच्या पाट्यांच्या शेजारी. 2004 च्या उन्हाळ्यात युरोपातल्या एका छोट्या फेस्टिव्हलने आम्हाला बोलावलं. छोटा म्हणजे छोटाच, गावाबाहेर शेतात तंबू, दुपारी तीनचा स्लॉट, पस्तीस मिनिटं. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट आपलं. पण त्यांच्या माणसाने मेलमध्ये लिहिलं होतं की दोन बुकिंग एजंट, म्हणजे बँडांना शो मिळवून देणारे, येतात दर वर्षी, आणि आमची सीडी त्याने त्यातल्या एकाला ऐकवली होती. बस, तेवढं वाक्य आम्ही इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं.

तिघांचे व्हिसा आले. ड्रमरचा नाही आला. तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा, पैसे रोख, इन्कमटॅक्सचे कागद नाहीत, बँकेत सतरा हजार रुपये, हा माणूस परत येईल याची खात्री काय, त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांचंही चूक नव्हतं. त्याने बाहेर फुटपाथवरूनच मला फोन केला. रडत होता. आणि फोन कानाला लावून मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो आणि मला पहिलं जे वाटलं ते वाईट नव्हतं वाटलं. सुटलो, असं वाटलं.

कारण दोन दिवस आधी मॅनेजरने मला सांगितलं होतं की बारा दिवस रजा घ्यायची तर घे, पण आल्यावर तू याच प्रोजेक्टवर असशील असं मी धरून चालणार नाही. बाबा रिटायर झालेले, डोंबिवलीच्या फ्लॅटचं कर्ज माझ्या नावावर, नोकरी लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. पासपोर्टवर शिक्का बसलेला होता माझ्या आणि रात्री मला झोप लागत नव्हती. मला जायचं नव्हतं हो. म्हणजे जायचं होतं, दहावीपासून दुसरं काही नकोच होतं, पण प्रत्यक्ष विमानात बसायची वेळ आली तेव्हा माझे पाय कापायला लागले आणि हे मी कोणाला बोललो नाही, स्वतःला पण नाही.

त्या रात्री जॅमरूमवर भेटलो. आठ दिवस हातात होते. गिटारिस्टने आधीच फोनाफोनी करून एक ड्रमर शोधला होता, अंधेरीचा, हिंदी सिनेमाच्या गायकांबरोबर परदेशी शो करणारा, त्याच्या पासपोर्टवर चालू व्हिसा होता. सहा गाणी, तीन दिवसांत बसवली असती त्याने. आमचा ड्रमर कोपऱ्यात स्टूलवर बसलेला, मान खाली, तो स्वतःच म्हणाला की जा तुम्ही, माझ्यामुळे अडू नका. आणि मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, चौघं जाणार, नाहीतर कोणी नाही.

काय आवाज लागला होता माझा! सिनेमातल्यासारखा. ड्रमरने येऊन मिठी मारली. गायक पण गहिवरला, म्हणाला बरोबर आहे, हाच बँड. फक्त गिटारिस्ट काही बोलला नाही. त्याने शांतपणे केबल गुंडाळली, बॅगेत भरली, आणि जिना चढताना माझ्या शेजारून जाताना हळू म्हणाला, 'तू घाबरलास.' एवढंच. चार महिन्यांनी बँड तुटला, कारण कोणी सांगितलं नाही, प्रॅक्टिस आधी आठवड्यावर गेली, मग पंधरवड्यावर, मग फोन यायचे बंद झाले. पुढच्याच वर्षी, 2005 मध्ये, मुंबईचा पेंटाग्राम बँड इंग्लंडच्या मोठ्या ग्लास्टनबरी फेस्टिव्हलला वाजवून आला. ती बातमी मी ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचली. प्रोजेक्ट तोच होता, जागा शाबूत होती माझी.

आता तुम्ही म्हणाल गेला असतात तर काय, दुपारी तीनच्या स्लॉटने कोणी मेटॅलिका होत नाही. मान्य. त्या शेतात पन्नास माणसं असती, त्यातली वीस बिअरच्या लायनीत. एजंट आलेच नसते कदाचित. आमची गाणीही, आता इतक्या वर्षांनी ऐकतो तेव्हा, बरी होती. बरी. दोन चांगली होती. एकात माझी बेसलाइन चांगली होती. पण म्हणून मी इंडस क्रीड आणि लिझी आणि किंक्स यांच्या रांगेत स्वतःला उभं करून 'बघा, आम्हा सगळ्यांचं असंच झालं' म्हणायचो ना, त्याला नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. लिनॉटला कावीळ झाली होती. मला रजा पण मिळाली होती.

तरी अंगण वाकडं होतं हे पण खरंच आहे, त्यावर मी हटणार नाही! इंग्लंडातल्या बेस वाजवणाऱ्या पोराला शनिवारी व्हॅनमध्ये बसून दुसऱ्या गावात वाजवून सोमवारी कामावर जाता येतं. अशा शंभर शनिवारांनंतर भीती मरते. आम्हाला पहिलीच परीक्षा आली ती नोकरी, कर्ज, व्हिसा आणि चाळीस हजारांचं विमान तिकीट असं सगळं एकदम घेऊन आली. घाबरायलाही सराव लागतो, तो आम्हाला मिळालाच नाही. हे मी स्वतःचं समर्थन करतोय असं वाटत असेल तर करतोय.

आणि हे असं सगळं नीट जमवून क्लासमध्ये सांगत होतो तर एका पोरीने विचारलं, मग ब्लडीवूड? दिल्लीचा मेटल बँड, यूट्यूबवर गंमत म्हणून कव्हर्स टाकायचे, आणि 2019 मध्ये जर्मनीत वाकनच्या मेटल फेस्टिव्हलला स्टेजवर ढोल घेऊन उभे. दहाचा नियम त्यांनाही होता, व्हिसा त्यांनाही लागला असेल. मी म्हणालो त्यांना इंटरनेट होतं, लोक आधी मिळाले आणि मग ते गेले. ती म्हणाली, पण सर, गेले ना. मी म्हटलं चला, स्केल काढा, जी मेजर.

गिटारिस्ट काही वर्षांपूर्वी दादर स्टेशनवर पुलावर दिसला. दोघांनी एकमेकांना पाहिलं, दोघांनी मोबाइल काढला.

ड्रमर मात्र संपर्कात आहे. नाशिकला असतो, साउंडचा धंदा आहे, लग्नं, गणपती, बरं चाललंय. भेटला की आजही बायकोला, पाहुण्यांना, कोणी असेल त्याला तीच गोष्ट सांगतो, हा माझ्यासाठी युरोप सोडून थांबला होता. मी हसतो, विषय बदलतो. बदलायला नको का हे मला कळत नाही, दर वेळी ठरवतो आज सांगायचं आणि मग त्याचा चेहरा बघतो. त्याला यातून मिळालंय काहीतरी जे मी काढून घेऊ शकत नाही, किंवा मी पुन्हा एकदा घाबरतोय आणि त्याला छान नाव देतोय.

त्याचा मुलगा जूनपासून ठाण्याला कॉलेजला येतोय, बेस शिकायचाय म्हणाला. परवा त्यासाठी फोन आला होता. मी म्हटलं पाठव की, फी नाही घेणार मी. तर म्हणाला, 'घे रे, तुझे आधीचेच उपकार फिटले नाहीत अजून.'