लोलू मेइ साबा

भाताचं बियाणं वाटायला गेलो आणि नेमका डिजिटल काटाच बंद पडला. जून २०१९. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात ग्बार्नगा शहराजवळचं क्पेले लोकांचं एक गाव. (क आणि प एकाच झटक्यात म्हणायचे, मला ते शेवटपर्यंत नीट जमलं नाही.)

ताडपत्रीवरचा ढीग बघून मी म्हटलं, पंचवीस कोपी असतील. कोपी म्हणजे पत्र्याचा डबा, तिथलं धान्याचं माप. शेजारी बसलेल्या म्हातारीने, तिथे ‘ओल्ड मा’ म्हणतात, माझ्याकडे पाहिलंही नाही. ‘चाळीस,’ ती दुभाष्याला म्हणाली.

मग तिने कोपी उलटी करून तिचं बूड मला दाखवलं. सपाट होतं. भात विकत घेणारे व्यापारी ठोकून ठोकून बूड फुगवलेली कोपी वापरतात आणि विकताना सपाट बुडाची काढतात. नफा त्यातच. १९६० च्या दशकात अमेरिकी संशोधकांनी इथे प्रयोग केले, तेव्हा भाताचा अंदाज बांधण्यात क्पेले शेतकरी अमेरिकनांना भारी पडले होते. हे मी वाचलं मात्र नंतर.

पहिलं माप टाकताना तोंडून निघालं, ‘लाभ’. आजी जोंधळे मापताना कधी ‘एक’ म्हणत नसे. ओल्ड माला वाटलं, ह्याला काहीच येत नाही. तिने शिकवणीच सुरू केली. फेरे, साबा, नाङ, लोलू: दोन, तीन, चार, पाच. पुढे लोलूवरच चढवायचं. लोलू मेइ फेरे, पाचावर दोन, झाले सात. दहा म्हणजे पू. दर पूला ती एक खडा बाजूला ठेवी. माझा सूर चुकला की पोरं खिदळायची. या भाषेत सुराने अर्थ बदलतो.

त्याच महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर भांडण पेटलं होतं, त्रेसष्ट म्हणायचं की पुस्तकातल्यासारखं साठ तीन? ‘मराठी बुडाली’ छापाचा एक मजकूर मीही पुढे ढकलला होता. इथे पाचावर दोन घोकताना तो आठवला आणि ओशाळलो.

तीन खडे झाले. शेवटची कोपी ओतत मी मोठ्याने म्हणालो, ‘लोलू मेइ साबा!’ अडतीस.

ओल्ड माने ताडपत्री झटकली, सुरकुत्यांतले दाणे गोळा केले, अर्धी कोपी भरली आणि माझ्या वहीवर बोट ठेवलं. अडतीस खोडून साडेअडतीस लिहिल्यावरच तिने ते उचललं.