सर देवमाणूस असले, तरी दार उघडं असू द्या

इथे मिशिगनमध्ये लॅरी नासर कोण, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा आणि अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा हा डॉक्टर. उपचाराच्या नावाखाली मुलींचं लैंगिक शोषण केल्याबद्दल जानेवारी २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा सुनावली, त्याआधी दीडशेहून जास्त जणींची निवेदनं कोर्टाने ऐकली. त्यातलं एक ऐकून आजही अंगावर काटा येतो. 'उपचार' चालू असताना कधी कधी मुलीची आई त्याच खोलीत बसलेली असायची, आणि तिला काही दिसणार नाही असा तो मध्ये उभा राहायचा. १९९७ मध्येच एका मुलीने कोचला सांगितलं होतं. डॉक्टर एवढा नावाजलेला, म्हणजे मुलीचाच काहीतरी गैरसमज झाला असणार, असं ठरलं.

माझी भाची ठाण्यात पाचपाखाडीला भरतनाट्यम शिकते. क्लास एका फ्लॅटमध्ये भरतो. अडवू (पाय आपटत करायच्या मूळ हालचाली) सुरू झाले की खालचे लोक आवाजाची तक्रार करतात, म्हणून दार-खिडक्या बंद. आया जिन्यात थांबतात. अरंगेत्रम, म्हणजे पहिला जाहीर कार्यक्रम, जवळ आलं की एकेकीला जादा वेळ बोलावतात. "सर अगदी देवमाणूस आहेत गं," बहीण म्हणते. असतीलही. माझा त्यांच्यावर काडीचाही संशय नाही. पण नासरलाही सगळे असंच म्हणायचे. चेन्नईच्या कलाक्षेत्र या नृत्यसंस्थेत मार्च २०२३ मध्ये विद्यार्थिनी लैंगिक छळाविरुद्ध आंदोलनाला बसल्या, ती संस्थाही आपल्याला देवळासारखीच होती ना?

इथे ऑलिंपिक संघटनांशी जोडलेल्या क्लबांना आता नियम आहे: कोच आणि अल्पवयीन खेळाडू एकटे असले, तर दुसऱ्या मोठ्या माणसाला ते दिसले पाहिजेत आणि मध्ये येऊन थांबवता आलं पाहिजे. मुलांना मेसेज करायचा तर त्यात पालक किंवा दुसरं मोठं माणूस हवंच. (डान्स स्टुडिओंना मात्र हा नियम लागू नाही, आणि याची मला खरंच काळजी वाटते.) लेकीच्या जिममध्ये आम्ही काचेपलीकडे बसतो. बॅकबेंड शिकवताना कोच आधी विचारते, "कमरेला हात देऊ का?" एकदा लेकीने मान हलवून नाही म्हटलं. कोचने स्वतः मॅटवर करून दाखवलं, बस्स.

एवढं ठाण्यात मागायला काय हरकत आहे? चार आयांनी मिळून मागितलं तर कुठल्याही चांगल्या गुरूच्या मनाला ते लागणार नाही. जादा सरावाला आणखी एक मुलगी किंवा पालक हजर, मेसेज ग्रुपवरच, मालिश-बिलिश क्लासात नाही. कुणी चिडलंच, तर का चिडलं ते मात्र नक्की विचारा.

आणि मुलीने काही सांगितलं, तर "सरांचा तसा हेतू नसेल" म्हणू नका. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना सांगणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. "पोरीचं नाव खराब होईल" ही भीती मी समजू शकते, पण तिची ओळख छापायला कायद्याने बंदी आहे. जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि तेव्हा पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं.