तुम्ही विचारलेत म्हणून: वास्कोचे नाव

मी गोव्यातल्या वास्कोची आहे असे सांगितले की, "गावाला त्या वास्को द गामाचे नाव असल्याचा तुम्हाला राग येत नाही का?" हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'वास्को द गामाने भारताकडे येणारा सागरी मार्ग शोधला' हे एका वाक्यातले उत्तर आम्ही शाळेत घोकले होते. युरोपपुरते ते खरे आहे. जुलै १४९७ मध्ये लिस्बन सोडून, आफ्रिकेला वळसा घालून तो २० मे १४९८ रोजी कोझिकोडजवळ पोहोचला, आणि त्याच्याबरोबर निघालेले निम्म्याहून अधिक खलाशी मायदेशी परतलेच नाहीत. ते धाडस मी नाकारत नाही. पण पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीपासून मलबारपर्यंतची वाट त्याला तिथूनच घेतलेल्या जाणत्या वाटाड्याने दाखवली, कारण अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांची त्या समुद्रावर शतकानुशतके ये-जा होती. कोझिकोडच्या झामोरिन राजासाठी त्याने काढलेला नजराणा म्हणजे पट्ट्यांचे कापड, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध. तो पाहून राजाचे अधिकारी हसले होते.

शाळेतल्या त्या उत्तरात जे नव्हते, ते १५०२ मध्ये घडले. दुसऱ्या सफरीत त्याने मक्केहून परतणारे 'मिरी' नावाचे जहाज अडवले, त्यावरची संपत्ती काढून घेतली आणि आतल्या शेकडो यात्रेकरूंसह ते पेटवून दिले. बायका अंगावरचे दागिने पुढे करत होत्या, तान्ही मुले हातांवर उंच धरून दया मागत होत्या. हे त्याच्याच ताफ्यातल्या टोमे लोपिश या पोर्तुगीजाने लिहून ठेवले आहे, म्हणून ते शत्रूने केलेले कुभांड म्हणता येत नाही.

तरीही नाव बदलावे असा आग्रह मी धरत नाही. 'वास्को, वास्को' अशी कंडक्टरची हाक आली की आमच्या मनात घर येते, खलाशी नव्हे. शिवाय गोवा जिंकला तो गामाने नव्हे, तर १५१० मध्ये अल्बुकर्क या दुसऱ्या पोर्तुगीजाने. मला खुपतो तो जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीवरचा गामाचा पुतळा. त्याचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना ती कमान उभी राहिली, म्हणजे घराण्याने स्वतःच स्वतःचा गौरव दगडात कोरून घेतला. पाहुण्यांना तिथे नेले की पुतळ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी मी त्यांना 'मिरी'वरच्या त्या आयांविषयी सांगते.