बेळगावची गोळी आणि स्पिनचा आकडा

स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचं अंगचं चुंबकत्व, ‘वर’ किंवा ‘खाली’. स्पिन पोलरायझेशनवर काम करायचं तर आधी सँपल चोख हवं. माझ्या पीएचडीचा मोठा काळ त्यातच गेला. आपल्या भागातून या विषयाकडे वळणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय.

पदार्थ घेतला तो ह्यूस्लर मिश्रधातू: अणूंच्या हिशेबाने दोन भाग कोबाल्ट, एक भाग मँगनीज, एक भाग सिलिकॉन. वीज वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांत ‘वर’ आणि ‘खाली’ स्पिनवाल्यांची तफावत किती, ते म्हणजे पोलरायझेशन. लोखंडात ते ४०-४५ टक्के भरतं. या मिश्रधातूत पूर्ण १०० असावं, असं १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी गणिताने मांडलं. शिवाय याचं चुंबकत्व ९८५ केल्विनपर्यंत टिकतं. मला ओढलं ते यानेच.

आर्क मेल्टिंगमध्ये, म्हणजे विजेच्या ठिणगीच्या उष्णतेने, आर्गॉन भरून, पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या थाळीवर धातू वितळवतात. आधी शेजारचा टायटॅनियमचा तुकडा वितळवायचा, म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन तो ओढून घेतो. मग सँपल. गोळी उलटायची, पुन्हा वितळवायची. आणि दर वेळी वजन थोडं घटायचं. बाबांची उमेदीची वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत गेली. त्यांच्या कानावर घातलं तर म्हणाले, “अगं, मँगनीज भट्टीत जळतंच. आम्ही हिशेबापेक्षा थोडं वाढवूनच टाकायचो.” त्यांच्याकडे ते हवेने जळायचं, माझ्याकडे आर्गॉनमध्ये वाफ होऊन उडायचं, उपाय तोच. किती वाढवायचं ते वजनाच्या घटीवरून ठरवलं.

मग गोळी क्वार्ट्झच्या नळीत निर्वात सीलबंद करून कित्येक दिवस भट्टीत, म्हणजे अणू आपापल्या जागी बसतात. कोबाल्टच्या जागी मँगनीज आणि मँगनीजच्या जागी कोबाल्ट बसला की १०० टक्क्यांचं गणित ढासळतं. एक पडताळा चुंबकत्वाचा. या मिश्रधातूंच्या नियमाने चार अणूंचे मिळून बाहेरचे इलेक्ट्रॉन २९, वजा २४, म्हणजे ५ बोर मॅग्नेटॉन (अणूंचं चुंबकत्व मोजायचं एकक). माझं सँपल पाचाजवळ आलं, तेव्हा गाईड सरांनी पुढच्या मोजमापाला होकार दिला.

ते मोजमाप खुद्द पोलरायझेशनचं, आणि दुसऱ्या शहरात, कारण द्रव हेलियम लागतं. ४.२ केल्विनला नायोबियमची टोकदार तार स्क्रू हळूहळू फिरवत सँपलला टेकवायची. ९.२ केल्विनखाली नायोबियम अतिवाहक होतं, म्हणजे विजेला त्यात रोध उरत नाही, आणि त्यात इलेक्ट्रॉन शिरतात ते विरुद्ध स्पिनचा जोडीदार घेऊनच. साध्या धातूत जोडीदार मिळतो, वाहकता दुपटीकडे जाते. सगळे एकाच स्पिनचे असले तर जोडीदारच नाही, वाहकता शून्याकडे उतरते. स्क्रीनवर आलेखाच्या मधोमध तो खळगा पहिल्यांदा पडला, तेव्हा मी श्वास रोखून बसले होते. पण तार दर वेळी वेगळी टेकते. म्हणून बऱ्याच संपर्कांचे आकडे मांडून रेघ आदर्श संपर्कापर्यंत वाढवावी लागते. एका देखण्या आलेखावरून आकडा जाहीर करणं मला अजिबात पटत नाही.

पोलरायझेशनचा आकडा साठ टक्क्यांच्या आतच राहिला. संशय अणूंच्या अदलाबदलीवर आहे, पण ती क्ष-किरणांत धड दिसत नाही: कोबाल्टचा अणुक्रमांक २७, मँगनीजचा २५, क्ष-किरणांना दोन्ही जवळपास सारखेच. न्यूट्रॉन मात्र दोघांवरून उलट चिन्हाने विखुरतात. म्हणून सध्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवरच्या न्यूट्रॉन विवर्तनासाठी प्रस्ताव लिहितेय. दुसरी गोळी भट्टीत आहे; ती आणखी सावकाश थंड करणार आहे.