३८१६५४७२९० आणि फुटलेला दांड

मंगळवार. वावरातून आलो तेव्हा पहाटेचे साडेचार.

या आठवड्यात आमच्याकडे लाईन रात्रीची. गव्हाला दुसरं पाणी द्यायचं, म्हणून साडेदहालाच जाऊन बसलो. लाईन आली साडेबाराला. तोवर शेकोटीपाशी करायचं काय? खिशात पुतणीनं दिलेला वहीचा कागद होता: "काका, ० ते ९ सगळे अंक एकेकदाच घेऊन दहा अंकी संख्या करा. पहिले दोन अंक २ नं, पहिले तीन ३ नं, असं करत पूर्ण संख्या १० नं भागली गेली पाहिजे. अशी एकच आहे." सहावीतली पोर, अन् 'एकच'खाली दोन रेघा.

अशा मांडण्या ३२ लाखांवर होतात. पण पऱ्हाटीची काडी घेऊन राखेत बसलो अन् भराभर गळायला लागल्या. शेवटी शून्यच. शून्य गेलं, म्हणून पाचवा अंक ५. सम जागी सम, विषम जागी विषम. तिसरा अंक विषम, तेव्हा ४ नं भाग जायला चौथा २ किंवा ६ च हवा. आठव्याचंही तेच. मग दुसऱ्या नि सहाव्या जागेला उरले ४ आणि ८. पहिल्या तिघांची बेरीज ३ च्या पटीत, पुढच्या तिघांचीही, म्हणून मधले तीन एकतर २५८ नाहीतर ६५४. ९ ची फिकीरच नाही, १ ते ९ ची बेरीज ४५.

८ ची कसोटीही लावली, तेव्हा दहा संख्या उरल्या. आता फक्त ७ बाकी, अन् शाळेत शिकलेल्या कसोट्यांत ७ ची कसोटी मला तरी आठवेना. सरळ भागाकार.

"काय लिहून रायला राजा राखेत? कापसाचा हिसाब काय?" धुऱ्यापलीकडून भाऊंचा आवाज आला.

"नाही भाऊ, सातानं भागून रायलो."

भाऊ काही बोलले नाहीत.

१४७२५८९, बाकी ६. ७४१२५८९, बाकी २. ९८७६५४३ दिसायला किती देखणी, पण बाकी ५. मध्येच मोटर सुरू करून आलो, पाणी दांडाला लावलं अन् पुन्हा राखेपाशी. ३८१६५४७ ला ७ नं भागलं: ५४५२२१. बाकी काहीच नाही! पुढं ७ नंतर २, ९, ०. सापडली.

उठून पाहतो तर दांड फुटलेला. गव्हाचे वाफे कोरडेच, अन् पाणी भाऊंच्या तुरीत. अंधारात फावड्यानं माती ओढताना भाऊ वरून म्हणतात, "भागलं का सातानं?"

घरी येऊन आणखी एक गोष्ट करून पाहिली. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर अंकांच्या बेरजेनं भागल्या जाणाऱ्या संख्येला 'हर्षद' म्हणत. ४५ नं भागलं: ८४८१२१६२, नि:शेष.

कागद पुतणीच्या दप्तरावर ठेवला. एका कोपऱ्याला चिखल लागलाय.